कॅन्सर मारणारे किरणच नवा कॅन्सर कसा देतात? माश्यांच्या बाटल्यांत उत्तर शोधणारे हर्मन म्युलर

कॅन्सरच्या पेशंटला दिली जाणारी रेडिओथेरपी अनेक घरांत ‘शेक’ या साध्या नावानं ओळखली जाते. या शेकामुळे आजवर असंख्य लोकांचे जीव वाचले आहेत. पण उपचार संपून दहा, पंधरा, कधी वीस वर्षं उलटल्यावर, ज्या भागाला किरण दिले होते तिथेच काही जणांना पुन्हा कॅन्सर होतो. हा जुना कॅन्सर परत आलेला नसतो किंवा पसरलेलाही नसतो. तो पूर्णपणे नवा, वेगळ्या जातीचा कॅन्सर असतो आणि त्याच्यामागचं एक कारण जुन्या उपचारातले किरण असू शकतात.

ज्या किरणांनी एक कॅन्सर मारला, तेच दुसरा कॅन्सर कसा देतात? या कोड्याची किल्ली १९२७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये सापडली. ती शोधणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो बाटल्यांमध्ये फळमाश्या वाढवायचा. त्याचं नाव हर्मन जोसेफ म्युलर.

पुढे त्यांना नोबेल मिळालं. पण त्याआधी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, हिटलरची जर्मनी पाहिली होती, स्टालिनच्या रशियातून जीव वाचवून ते बाहेर पडले होते. आणि नोबेलनंतर ते ज्यांच्याशी भांडले, त्यांत एक्स-रे वापरणारे डॉक्टरही होते.

जादूचे किरण आणि जळलेले हात

म्युलर यांचा जन्म २१ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. ते पाच वर्षांचे होण्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत विल्हेम रोंटजेन यांनी एक्स-रे शोधून काढले. काही महिन्यांतच डॉक्टरांनी हे किरण कॅन्सरच्या गाठींवर वापरून पाहायला सुरुवात केली. पाठोपाठ रेडियम आलं. चिरफाड न करता गाठ विरघळताना दिसत होती, त्यामुळे उत्साहाला सीमा नव्हती.

धोक्याच्या खुणाही लगेच दिसल्या होत्या. एक्स-रेच्या नळ्या हाताळणाऱ्यांचे हात भाजायचे, जखमा भरायच्या नाहीत. १९०२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये अशा एका कामगाराच्या हातावर त्वचेचा कॅन्सर झाल्याची नोंद झाली. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतले क्लॅरेन्स डॅली एक्स-रेच्या कामामुळे झालेल्या कॅन्सरने १९०४ मध्ये वारले.

पण डॉक्टरांनी यातून काढलेला अर्थ असा होता की त्वचा भाजेल इतके किरण घेतले तरच धोका आहे. भाजलं नाही, तर काही झालं नाही. जखम दिसत नसेल तर नुकसानही नाही, हीच समजूत पुढची अनेक वर्षं टिकली. म्युलर यांच्या कामानं नेमका याच समजुतीला धक्का दिला.

वडील गेले, पण म्युझियम लक्षात राहिलं

म्युलर यांच्या घराण्याचा ब्राँझच्या कलात्मक वस्तू बनवण्याचा व्यवसाय होता. वडील मुलाला न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये घेऊन जायचे. तिथे घोड्याच्या पायाची हाडं लाखो वर्षांत कशी बदलत गेली, हे मांडून ठेवलेलं होतं. सजीव बदलतात, ही गोष्ट त्या वयातच त्यांच्या मनात बसली. म्युलर साधारण नऊ-दहा वर्षांचे असताना वडील वारले आणि घरची परिस्थिती ओढाताणीची झाली.

स्कॉलरशिप मिळवून ते वयाच्या सोळाव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणाच्या काळात त्यांनी बँकेत निरोप्याचं आणि हॉटेलात कारकुनाचंही काम केलं. कोलंबियातच थॉमस हंट मॉर्गन यांची प्रयोगशाळा होती. पिकलेल्या केळ्यांभोवती ज्या बारीक माश्या घोंघावतात, त्या तिथे दुधाच्या बाटल्यांमध्ये वाढवल्या जायच्या. आई-बापांचे गुण पिल्लांत कसे उतरतात, हे या माश्यांवरून शोधलं जात होतं. फळमाशीची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, त्यामुळे माणसात शंभर वर्षं लागतील ते काम इथे काही आठवड्यांत व्हायचं.

म्युलर या गटात हुशार म्हणून ओळखले जात, पण त्यांचं तिथे फारसं जमलं नाही. आपल्या कल्पना इतर वापरतात आणि श्रेय मिळत नाही, ही सल त्यांना आयुष्यभर राहिली. १९१६ मध्ये पीएचडी मिळाली. ह्यूस्टनमध्ये तीन वर्षं आणि पुन्हा कोलंबियात काही काळ काढून १९२० मध्ये ते ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात पोहोचले.

बाटलीत एकही नर नाही

त्या काळी जनुकांमध्ये अधूनमधून बदल होतात हे माहीत होतं. या बदलाला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात. पण ते कधी होईल याचा नेम नसे. हजारो माश्या तपासल्यावर एखादा बदल हाती लागायचा. असे बदल मुद्दाम घडवता येतील का, हा म्युलर यांचा प्रश्न होता.

खरी अडचण मोजण्याची होती. माशीचे डोळे लालऐवजी पांढरे झाले तर ते डोळ्यांना दिसतं. पण बहुतेक बदल असे दिसत नाहीत. अनेक बदल तर इतके घातक असतात की ते घेऊन येणारं पिल्लू जन्मतच नाही. जे जन्मलंच नाही, ते मोजायचं कसं?

म्युलर यांनी यासाठी फळमाश्यांची एक खास जात तयार केली. या माश्यांच्या एका एक्स गुणसूत्रावर आधीपासूनच एक घातक जनुक बसवलेलं होतं. नराला आईकडून एकच एक्स गुणसूत्र मिळतं. ते घातक गुणसूत्र मिळालं तर नर मरतो. दुसरं गुणसूत्र किरण दिलेल्या नराकडून आलेलं असायचं. त्यावर किरणांमुळे नवा घातक बदल झाला असेल, तर ते मिळालेला नरही मरणार. म्हणजे ज्या बाटलीत सगळ्या माद्याच निपजल्या, तिथे नवा घातक बदल झालेला आहे. एकेक माशी तपासायची गरजच उरली नाही. बाटली उचलायची आणि आत नर आहेत का, एवढंच बघायचं.

१९२६ च्या अखेरीस त्यांनी नर माश्यांना एक्स-रे दिले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या वाढवल्या. एकामागून एक बाटल्या नरांविना निघाल्या. एक्स-रेच्या मोठ्या डोसानंतर उत्परिवर्तनाचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे दीडशे पटींनी वाढलं होतं. जुलै १९२७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी हे थोडक्यात जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या जनुकशास्त्र परिषदेत सविस्तर आकडे मांडले. ते रातोरात जगभर प्रसिद्ध झाले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की किरण दिलेले नर स्वतः ठणठणीत दिसत होते. त्यांना भाजलेलं नव्हतं. नुकसान आत, जनुकात झालं होतं आणि ते मिटणारं नव्हतं. पेशी दुभंगली की तो बदल पुढच्या पेशीत जात होता. पुढे त्यांच्याच विद्यार्थ्याच्या प्रयोगांत असंही दिसलं की डोस जितका वाढेल, तितके बदल वाढतात.

म्युलर यांनी तेव्हाच दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, प्रजनन अवयवांवर एक्स-रे देताना डॉक्टरांनी सावध राहावं, कारण पुढच्या पिढीचा प्रश्न आहे. दुसरी, एक्स-रेमुळे कॅन्सर होतो त्याचं कारणही कदाचित हेच असावं. म्हणजे बीजपेशींऐवजी शरीरातल्या साध्या पेशींच्या जनुकात बदल होत असावा. पहिल्या मुद्द्यावर ते आयुष्यभर बोलत राहिले. काळाच्या ओघात जास्त खरा ठरला तो दुसरा मुद्दा.

प्रसिद्धी आली आणि माणूस कोसळला

बाहेर नाव होत असताना घरात आणि मनात मात्र पडझड सुरू होती. कामाचा ताण, सहकाऱ्यांशी स्पर्धा आणि मोडत चाललेला संसार हे सगळं एकाच वेळी आलं. जानेवारी १९३२ मध्ये त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ते जंगलात सापडले आणि वाचले.

त्याच वर्षी ते शिष्यवृत्तीवर बर्लिनला गेले. काही महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. समाजवादी विचारांच्या म्युलर यांना तिथे राहणं शक्य नव्हतं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांच्या निमंत्रणावरून ते १९३३ मध्ये लेनिनग्राडला आणि नंतर मॉस्कोला गेले.

इथे त्यांच्या विचारांची एक काळी बाजूही सांगायला हवी. निवडक, कर्तबगार पुरुषांच्या वीर्यापासून मुलं जन्माला घालून मानवजात सुधारता येईल, असं म्युलर मानत. अमेरिकेतल्या वंशवादी सुप्रजननाच्या चळवळीवर त्यांनी जाहीर टीका केली होती, तरी स्वतःची ही कल्पना त्यांनी कधी सोडली नाही. १९३६ मध्ये त्यांनी याच विषयावरचं आपलं पुस्तक आणि पत्र थेट स्टालिनला पाठवलं. स्टालिनला ते आवडलं नाही.

त्याच सुमारास ट्रोफिम लिसेन्को याचं प्रस्थ वाढत होतं. तो जनुकं मानतच नव्हता. म्युलर यांनी डिसेंबर १९३६ मध्ये जाहीर सभेत त्याला विरोध केला. त्यांचे जवळचे सहकारी इझरायल आगोल आणि सोलोमन लेविट यांना पुढे मारण्यात आलं. वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात वारले. म्युलर यांनी स्पेनच्या यादवी युद्धात रक्त देणाऱ्या वैद्यकीय पथकात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं आणि १९३७ मध्ये त्या निमित्तानं रशिया सोडला. तिथून एडिनबरा आणि १९४० मध्ये पुन्हा अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. डाव्या विचारांचा शिक्का बसल्यानं कायमची नोकरी मिळायला त्यांना १९४५ पर्यंत थांबावं लागलं. ती इंडियाना विद्यापीठात मिळाली.

हिरोशिमानंतरचं नोबेल

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, एक्स-रेमुळे उत्परिवर्तन होतं या शोधासाठी म्युलर यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोधाला जवळपास दोन दशकं झाली होती, पण आता किरणोत्सर्ग हा साऱ्या जगाच्या काळजीचा विषय बनला होता. म्युलर यांनी ही संधी सोडली नाही.

त्यांचा रोख फक्त बॉम्बवर नव्हता, दवाखान्यांवरही होता. त्या काळी एक्स-रेचा वापर आजच्या मानाने सढळ होता. तान्ह्या बाळाच्या छातीतली थायमस ग्रंथी मोठी दिसली तरी किरण दिले जात. डोक्यावरचा गजकर्ण, चेहऱ्यावरचे मुरूम, सुजलेले टॉन्सिल यांवरही किरण हाच उपाय होता. मूल होत नाही म्हणून बायकांच्या अंडाशयांवर किरण देणारे डॉक्टरही होते. चपलांच्या दुकानात बूट पायात नीट बसतो का, हे एक्स-रेखाली पाहिलं जाई.

म्युलर यांचं म्हणणं साधं होतं. गरज असेल तिथे किरण जरूर वापरा, पण प्रत्येक डोसाची किंमत असते हे धरून चला. अवयव झाका, नोंदी ठेवा, कारण नसताना देऊ नका. अनेक डॉक्टरांना ही ढवळाढवळ वाटली. माश्यांवरून माणसाचा निष्कर्ष कसा काढता, हा त्यांचा प्रश्न होता.

सरकारशीही खटके उडाले. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली. तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. या परिषदेसाठी म्युलर यांनी निबंध तयार केला होता, पण अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं तो मांडू दिला नाही. त्यावरून अमेरिकेत बरीच टीका झाली.

मग पेशंटच्या फायली बोलू लागल्या

माश्या आणि माणसं यांच्यातलं अंतर शेवटी पेशंटच्या नोंदींनीच भरून काढलं.

१९४८ मध्ये अमेरिकेत विल्यम कॅहन आणि सहकाऱ्यांनी अकरा पेशंटची माहिती मांडली. या सगळ्यांना आधी किरण दिले होते आणि वर्षांनंतर त्याच जागच्या हाडात सार्कोमा हा कॅन्सर झाला होता. उपचारांमुळे झालेला कॅन्सर ओळखायचा कसा, याचे निकष त्यांनी ठरवले. नवी गाठ किरण दिलेल्या भागातच हवी, मध्ये काही वर्षांचा काळ गेलेला हवा आणि तिची जात आधीच्या आजारापेक्षा वेगळी हवी. थोड्याफार फरकानं हेच निकष आजही वापरले जातात.

१९५० मध्ये थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या जुन्या फायली तपासताना दिसलं की त्यातल्या बऱ्याच जणांना बाळपणी थायमससाठी किरण दिले होते.

१९५७ मध्ये ब्रिटनच्या विल्यम कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल यांनी आणखी मोठं काम केलं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या आजारासाठी एक्स-रे घेतलेल्या १३ हजारांहून अधिक पेशंटचा त्यांनी माग काढला. त्यांच्यात ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण अनेक पटींनी जास्त निघालं. या लोकांना आधी कॅन्सर नव्हताच, त्यामुळे हा जुन्याच आजाराचा भाग आहे असं म्हणायची सोय राहिली नाही.

हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्या लोकांमध्येही आधी ल्युकेमिया आणि नंतर इतर कॅन्सर वाढलेले दिसले. इस्रायलमध्ये गजकर्णासाठी डोक्याला किरण दिलेल्या हजारो मुलांच्या अभ्यासात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी जास्त आढळल्या. तो अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत म्युलर हयात नव्हते. ५ एप्रिल १९६७ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं होतं.

ते कुठे बरोबर ठरले, कुठे नाही?

म्युलर यांना सर्वांत जास्त भीती पुढच्या पिढ्यांची होती. किरण घेतलेल्यांच्या मुलांमध्ये आणि नातवंडांमध्ये आनुवंशिक दोष साचत जातील, असं ते सांगत. पण अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलांवर अनेक दशकं झालेल्या अभ्यासांत असे दोष स्पष्टपणे वाढलेले दिसले नाहीत. माणसाच्या बाबतीत हा धोका त्यांना वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला.

अगदी थोड्या डोसानंही त्या प्रमाणात धोका वाढतो, हा त्यांचा आग्रहही आजवर वादाचा आहे. खबरदारी म्हणून सुरक्षेचे नियम त्याच गृहीतकावर चालतात, पण फार कमी डोसात नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

कॅन्सरबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र पक्का ठरला. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. कॅन्सरच्या पेशींना ही तूट नीट सांधता येत नाही, म्हणून त्या मरतात आणि उपचार यशस्वी होतो. आजूबाजूच्या निरोगी पेशी बहुतेक वेळा दुरुस्ती करतात. पण एखादीची दुरुस्ती चुकते आणि तरीही ती जगते. मेलेल्या पेशीपासून कॅन्सर होत नाही. चुकीची दुरुस्ती होऊन जगलेल्या पेशीपासून होऊ शकतो. तिच्यात आणखी बदल साचायला वेळ लागतो, म्हणून ल्युकेमिया साधारण काही वर्षांत दिसतो, तर गाठीचे कॅन्सर बहुधा दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. त्या माद्यांच्या बाटल्यांमध्ये दिसलेला न दिसणारा, न मिटणारा बदल तो हाच.

मग शेक घ्यायचा की नाही?

डॉक्टरांनी सुचवला असेल तर घ्यायचा. समोर असलेला कॅन्सर आज जीव घेऊ शकतो. नवा कॅन्सर ही पुढची आणि तुलनेनं लहान शक्यता आहे. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या २०११ च्या एका अभ्यासानुसार, रेडिओथेरपी घेतलेल्या प्रौढांना पुढे जे दुसरे कॅन्सर झाले, त्यातले फक्त ८ टक्के किरणांमुळे झाले असावेत. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, आनुवंशिकता अशी कारणं होती.

पण धोका सगळ्यांना सारखा नाही. लहान मुलांना तो जास्त असतो, कारण त्यांच्या पेशी वेगानं वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. हॉजकिन लिम्फोमासाठी तरुणपणी छातीला किरण घेतलेल्या स्त्रियांना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून त्यांची तपासणी इतरांपेक्षा खूप आधी सुरू करतात. डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा आनुवंशिक असलेल्या मुलांमध्ये किरणांचा वापर शक्यतो टाळला जातो.

आज कॅन्सरच्या उपचारात जी काटकसर दिसते, ती याच हिशेबातून आली आहे. हॉजकिनमध्ये आता पूर्वीपेक्षा लहान भागाला आणि कमी डोस देतात. प्रोटॉन उपचारात गाठीच्या पलीकडच्या भागाला फारच कमी किरण लागतात. ही सोय आता नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रातही आहे. बालपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं.

पेशंटच्या बाजूनं करण्यासारखी गोष्ट छोटी आहे, पण तीच बहुतेक वेळा राहून जाते. किरण कधी, कोणत्या भागाला आणि किती डोसात दिले, याचा कागद जपून ठेवायचा. वीस वर्षांनी एखाद्या वेगळ्याच डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली, तर तो सोबत न्यायचा. किरण दिल्याची नोंद ठेवा, असं म्युलर डॉक्टरांना सांगत राहिले होते. ती नोंद आता पेशंटच्याही हातात असायला हवी.